गाण्यावरचा शेवटचा हात

गाणारा एका खोलींत गातो आणि ऐकणारे हजार खोल्यांत ऐकतात. या दोहोंच्या मध्यें जें कांहीं घडतें त्याची दखल रसिक सहसा घेत नाहीं. गायकाचें नांव त्याला ठाऊक असतें, संगीत-योजकाचें असतें, क्वचित् तबलजीचेंही असतें. परंतु मुद्रित झालेल्या गाण्यावर जो शेवटचा हात फिरवितो आणि मगच तें बाहेर सोडतो, त्या कारागिराचें नांव विचारण्याची पद्धति नाहीं. या शेवटच्या संस्काराला धंद्यांत ‘मास्टरिंग’ असें म्हणतात. मोठ्या कंपन्यांच्या काळांत गायकाला याची चिंता नव्हती. कंपनीच तें करून घेई. आज मात्र नांदेड-लातूरकडील तरुण गायक स्वतःच्या खर्चानें, पुष्कळदां स्वतःच्याच घरांत, गाणें मुद्रित करतो आणि कोणत्याही कंपनीचें दार न ठोठावतां तें जगापुढें ठेवतो. म्हणून हा शेवटचा हात कोणाचा असावा, त्यानें काय करावें आणि काय करूं नये, हा प्रश्न आतां त्याचा स्वतःचा झाला आहे.

मास्टरिंग या शब्दाचा उगम समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें. ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गेसबर्ग हा १९०२ सालीं कलकत्त्यास आला आणि त्यानें गौहरजान व इतर कलावंतांचीं गाणीं मुद्रित केलीं. त्या वेळीं गायक एका मोठ्या कर्ण्यापुढें गात असे. आवाजाच्या कंपनानें सुई हाले आणि मेणाच्या तबकडीवर रेघ कोरली जाई. ही तबकडी बोटीनें जर्मनींतील हॅनोव्हर येथें जाई. तेथें तिच्यावरून धातूचा ठसा घेत आणि त्या ठशानें विक्रीच्या तबकड्या छापीत. ज्या मूळ मुद्रणावरून सर्व प्रती निघत त्याला ‘मास्टर’ म्हणत. मास्टरिंग हें नांव त्यावरूनच पडलें. १९०८ मध्यें कलकत्त्यांतच सियालदह येथें कारखाना निघाला आणि हा समुद्रप्रवास थांबला. त्या काळीं गाणें मुद्रित करणें आणि त्याचा मास्टर बनविणें या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. एकदां सुई मेणावर चालूं लागली कीं दुरुस्ती नाहीं. ख्याल असो कीं ठुमरी असो, तीनएक मिनिटांत आटोपावी लागे.

दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फीत प्रचारांत आली आणि हें काम दुभंगलें. गाणें आधीं फितीवर येऊं लागलें व फितीवरून तबकडीवर उतरविण्याचें काम दुसऱ्याच मनुष्याकडे गेलें. वरवर पाहतां हें नकलेचें काम दिसतें. पण तें तसें नव्हतें. खर्जाचा आवाज तबकडीच्या खांचेला फार रुंद हेलकावे देतो. तो तसाच कोरला तर एक खांच शेजारच्या खांचेंत घुसते, किंवा वाजवितांना सुई उडते. म्हणून कोरतांना खर्ज कमी करावा आणि वाजविणाऱ्या यंत्रानें तो पुन्हां वाढवावा, अशी योजना होती. १९५४ सालीं अमेरिकेंत तिचें एक प्रमाणही ठरलें. कोणतें गाणें किती जोर सोसूं शकेल हें कानानें पारखणारा हा मनुष्य म्हणजे आजच्या मास्टरिंग करणाऱ्याचा पूर्वज होय. पुढें तबकडीचें राज्य गेलें. १९६३ मध्यें कॅसेट आली, १९८२ मध्यें कॉम्पॅक्ट डिस्क आली आणि आतां तर हातांत धरण्यासारखी वस्तूच बहुधा उरली नाहीं. साधनें बदललीं, पण त्या मनुष्याचें काम तेंच राहिलें: एका ठिकाणीं झालेलें गाणें दुसऱ्या ठिकाणीं धड पोंचविणें.

मराठवाड्याला हा सारा व्यवहार पूर्वीं परका होता. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानांत होता आणि तबकड्यांचा धंदा मुंबई-कलकत्त्यासारख्या शहरांत चाले. संगीताची वाण मात्र येथें कधींच नव्हती. माहूरच्या रेणुकेपुढें संबळ-तुणतुण्यावर उभा राहणारा गोंधळ, माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंतील वाघ्या-मुरळीचीं पदें आणि लावणी, नांदेडच्या गुरुद्वाऱ्यांतील कीर्तन, औशाच्या नाथसंस्थानाचें चक्रीभजन, गांवोगांव ढोलकी-हलगीवर रंगणारीं भीमगीतें — ही सारी या भूमीची मिळकत आहे. १९८० नंतरच्या दशकांत कॅसेटीनें तिला प्रथम मोठ्या प्रमाणावर वाट करून दिली. आतां एक संगणक, एक माइक आणि माइकचा आवाज संगणकांत नेणारें छोटें यंत्र एवढ्या सामग्रीवर घरांत स्टुडिओ उभा राहतो. गाणें करण्याची वाट मोकळी झाली. परंतु पूर्वीं त्या वाटेवर जो जाणता पारखी बसलेला असे, तोही तिच्याबरोबर नाहींसा झाला. आणि अडचण उद्भवते ती येथेंच.

मिक्सिंग आणि मास्टरिंग हीं कामें पुष्कळदां एकच समजलीं जातात. गायकाचा आवाज, हार्मोनियम, ढोलकी, कोरस हीं सर्व अंगें वेगवेगळीं मुद्रित झालेलीं असतात. त्यांचा परस्परांशीं मेळ बसवून एक सबंध गाणें तयार करणें म्हणजे मिक्सिंग. त्यानंतर तें तयार गाणें अखंड समजून त्यावर जें केलें जातें तें मास्टरिंग. येथें ढोलकी निराळी हातीं लागत नाहीं. जो उपाय करावा तो साऱ्या गाण्यालाच लागूं होतो. ग्रंथाच्या छपाईची उपमा द्यावयाची तर मिक्सिंग ही लेखकाची मांडणी आणि मास्टरिंग हें मुद्रितशोधन म्हणतां येईल. स्वतःच्या मजकुरांतील चूक लेखकाला दिसत नाहीं, कारण त्याचा डोळा कागदावरचें वाचीत नसतो, मनांतलें वाचीत असतो. एकच गाणें ज्यानें तीन आठवडे रोज ऐकलें त्याच्या कानाचीही तीच गत होते. उणीव त्याच्या संवयीची झालेली असते. म्हणून मास्टरिंगचा पहिला गुण यंत्रांत नसून तो दुसऱ्याच्या ताज्या कानांत आहे.

दुसरा गुण खोलीचा. ज्या खोलींत गाणें ऐकून त्याचा मेळ बसविला जातो ती खोली स्वतःच गाण्यांत भर घालीत असते, किंवा त्यांतून कांहीं काढून घेत असते. आवाज हवेंतून सेकंदाला सुमारें ३४४ मीटर जातो. खोलीच्या दोन भिंतींत ३ मीटर अंतर असेल तर सेकंदाला सुमारें ५७ कंपनांचा खर्ज त्या दोन भिंतींमध्यें अडकून घुमतो. भिंतीजवळ तो फुगलेला ऐकूं येतो आणि खोलीच्या मधोमध जवळ जवळ नाहींसा होतो. आतां एखाद्याचें टेबल भिंतीला लागून आहे अशी कल्पना करावी. त्याला संबळाचा किंवा डग्ग्याचा खर्ज गरजेपेक्षां जास्त वाटतो, म्हणून तो कमी करतो. आणि तेंच गाणें दुसरीकडे वाजलें कीं पोकळ, पातळ लागतें. दुसरा कोणी खोलीच्या मध्यभागीं बसतो. त्याला खर्ज ऐकूंच येत नाहीं, म्हणून तो वाढवितो, आणि यात्रेंतल्या मोठ्या कर्ण्यांवर तें गाणें घोंगावूं लागतें. दोघांचेही कान चांगले असतात. फसवितात त्या भिंती. भिंतीला गाद्या किंवा अंड्यांचे ट्रे लावल्यानें हा दोष जात नाहीं. त्यांनीं वरच्या पट्टींतील घुमारा थोडा कमी होतो, खर्ज मात्र तसाच राहतो. ज्या मास्टरिंग-कक्षांत जाड शोषक थर बसवून खर्ज ताळ्यावर आणलेला असतो तेथें ऐकल्याशिवाय ही फसगत उघडकीस येत नाहीं.

मास्टरिंग करणारा प्रत्यक्ष काय करतो? प्रथम तो कशालाही हात न लावतां संपूर्ण गाणें ऐकतो. कोठें खटका आहे, कोठें श्वास अर्धवट तुटला आहे, अखेरचा सूर विरण्यापूर्वींच कापला गेला आहे काय, हें टिपून घेतो. मग इक्वलायझरनें खर्ज, मध्य आणि तार या पट्ट्यांतील तोल सुधारतो. हा फेर फार थोडा असतो, बहुधा एक-दोन डेसिबलचा. कारण गायकाच्या आवाजांतील टोंचणी कमी करावी तर त्याच पट्टींतील टाळ-झांजांची चमकही तितकीच मंदावते. त्यानंतर कॉम्प्रेसरनें अति उंच आणि अति हलक्या आवाजांतील अंतर किंचित् जवळ आणतो. गाणीं अनेक असलीं तर त्यांचा क्रम, दोन गाण्यांमधील विराम आणि एकाचा दुसऱ्याशीं असलेला जोराचा मेळ पाहतो. भजनानंतरची गवळण एकदम अंगावर येऊं नये याची काळजी घेतो.

मग परीक्षा होते ती निरनिराळ्या साधनांवर. मोबाइलच्या लहानशा स्पीकरांतून खालचा खर्ज जवळ जवळ निघतच नाहीं. तरीही डग्गा ऐकूं आल्याचा भास होतो, कारण मूळ सूर नसला तरी त्याच्या वरच्या उपस्वरांवरून कान तो स्वतःशीं जुळवून घेतो. म्हणून ते उपस्वर शाबूत आहेत कीं नाहींत हें पाहावें लागतें. देवळावरचा भोंगा एकाच वाहिनीचा असतो. डाव्या आणि उजव्या वाहिन्यांतील आवाज परस्परांच्या उलट हालत असतील तर दोन्ही एकत्र होतांच ते एकमेकांना खोडून टाकतात. हेडफोनवर भव्य वाटलेला कोरस भोंग्यावर नाहींसा होतो. नांदेड-लातूरचीं गाणीं ज्या ठिकाणीं वाजणार आहेत तीं ठिकाणें हींच आहेत: मोबाइल, मोटार, मंडपांतील कर्णे आणि मिरवणुकींतील डीजे. या सर्वांवर जें गाणें ओळखूं येतें तेंच धड मास्टर झालें असें समजावें.

येथवर मतभेदाला फारशी जागा नाहीं. खरा वाद आहे तो जोराचा. कोणताही आवाज थोडा मोठा केला कीं तो अधिक चांगला वाटतो, हा कानाचा स्वभाव आहे. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनीं १९३३ मध्यें प्रयोगानें दाखविलें कीं, हलक्या आवाजांत कानाला खर्ज कमी ऐकूं येतो आणि आवाज वाढला कीं तो भरून येतो. साहजिकच आपलें गाणें शेजारच्या गाण्यापेक्षां मोठें वाजावें अशी प्रत्येकाला हांव सुटते. परंतु संगणकावरील मुद्रणांत एक छत असतें. त्याला शून्य म्हणतात व त्यापलीकडे एक कणही जातां येत नाहीं. छत न ओलांडतां गाणें मोठें करावयाचें तर एकच उपाय उरतो: आवाजाचीं शिखरें दाबून टाकावीं आणि उरलेलें सारें वर उचलावें. हें काम लिमिटर नांवाचें साधन करतें. कॉम्पॅक्ट डिस्कच्या काळांत ही चढाओढ इतकी वाढली कीं २००८ सालीं मेटॅलिका या प्रसिद्ध अमेरिकन वाद्यवृंदाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ या संग्रहाविरुद्ध त्याच्या चाहत्यांनींच आवाज फाटल्याची ओरड केली.

या चढाओढींत मराठवाड्याच्या संगीताचें नुकसान इतरांपेक्षां अधिक होतें, आणि त्याचें कारण त्या संगीतांतच आहे. हलगीचा प्रहार किंवा संबळावर पडणारी काठी म्हणजे क्षणार्धाचें उंच शिखर असतें. त्याच्या आजूबाजूस जी थोडी स्तब्धता असते तिच्यामुळेंच तो प्रहार अंगावर शहारा आणतो. लिमिटरनें शिखर कापलें कीं प्रहाराची थाप होते, थापेचा धब्बा होतो. आणि मागचें तुणतुणें, कोरस, खोलींतील घुमारा हें सारें उचललें जाऊन गायकाच्या शेजारीं येऊन उभें राहतें. गोंधळ्यानें आळवणी हळूं सुरू करून जयघोषापर्यंत चढवावी हा त्या गायनाचा प्राण. पण दाबलेल्या मुद्रणांत आळवणी आणि जयघोष सारख्याच उंचीचे होतात. गाणें मोठें होतें, पण तें चढत नाहीं.

शिवाय या त्यागाचा मोबदलाही आतां मिळत नाहीं. कानाला भासणारा जोर मोजण्याची एक पद्धति आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें २००६ मध्यें प्रसिद्ध केली. तिचें माप ‘एलयूएफएस’ या एककांत सांगतात. गाणीं पुरविणाऱ्या मोठ्या सेवा त्या पद्धतीनें प्रत्येक गाणें मोजतात आणि तें ठराविक पातळीवर आणून वाजवितात. स्पॉटिफायची नेहमींची पातळी उणें १४ आहे, ॲपल म्युझिकची उणें १६. यूट्यूबही फार मोठें गाणें खालीं उतरवितें. एखाद्यानें गाणें दाबून दाबून उणें ८ वर नेलें तर उणें १४ वर बसवितांना तें ६ डेसिबलनें उतरविलें जाईल. दुसऱ्यानें तें उणें १३ वर मोकळें ठेवलें असेल तर त्याचें एकच डेसिबल उतरेल. ऐकणाराला दोन्हीं सारखींच मोठीं वाटतील. फरक इतकाच कीं, दुसऱ्याच्या गाण्यांत हलगी जिवंत असेल आणि पहिल्याच्या गाण्यांत ती मेलेली असेल. मिरवणुकींतील डीजेला हा नियम लागूं नाहीं, असें कोणी म्हणेल. आणि तें खरें आहे. परंतु तेथें आवाज वाढविण्याचें बटण वाजविणाऱ्याच्या हातांत असतेंच. मोकळें गाणें त्याला मोठें करतां येतें. चेंचलेलें गाणें मात्र कोणत्याही बटणानें पुन्हां मोकळें होत नाहीं.

मास्टरिंगकडून काय अपेक्षूं नये हेंही समजलें पाहिजे. बेसूर गाणें त्यानें सुरांत येत नाहीं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत पंखा चालू ठेवून गायिलेल्या गाण्यांत पंख्याची घरघर आवाजांत मिसळते, आणि ती काढूं गेल्यास आवाजाचीही सालटी निघते. विजेच्या जोडणींत दोष असल्यास सेकंदाला ५० कंपनांची गुणगुण आणि तिचे १००, १५० कंपनांचे उपस्वर माइकच्या तारेंतून शिरतात. त्यांवर उपाय मुद्रणापूर्वींच करावा. माइक तोंडापासून योग्य अंतरावर ठेवणें, पंखा बंद करून दोन कडव्यांनंतर विश्रांति घेणें, पहांटेच्या शांत वेळीं गाणें, हे बिनखर्चाचे उपाय मागाहून केलेल्या महाग उपायांपेक्षां अधिक गुणकारी असतात.

गाणें मास्टरिंगसाठीं पाठवितांनाही कांहीं पथ्यें पाळावयाचीं असतात. मिक्सिंगच्या शेवटीं लावलेला लिमिटर काढून टाकावा आणि सर्वांत उंच शिखरही छतापासून तीन ते सहा डेसिबल खालीं राहील असें पाहावें. फाइल २४ बिटांची आणि वेव्ह प्रकारची असावी. व्हॉट्सॲपवरून ऑडिओ म्हणून पाठविलेली, आकुंचन पावलेली प्रत देऊं नये. गाण्याच्या आधीं आणि नंतर थोडी स्तब्धता राखावी. ज्या गाण्याचा आवाज मनांत आदर्श म्हणून आहे तें एखादें सोबत द्यावें, आणि तें आपल्याच जातीच्या वाद्यांचें असावें. भीमगीताला इंग्रजी नाचाच्या गाण्याचा नमुना देऊन उपयोग नाहीं. परत आलेली प्रत मूळ प्रतीशीं ताडतांना दोहोंचा जोर सारखा करून मगच ऐकावें. नाहींतर जी मोठी तीच चांगली वाटेल. अखेरच्या प्रतींत छतापासून एक डेसिबल जागा सुटली आहे काय हेंही विचारावें, कारण इंटरनेटसाठीं फाइल लहान करतांना शिखरें थोडीं वर सरकतात. प्रत्येक मुद्रणाला आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकांचा संकेत मिळतो. तो, गायक-वादकांचीं नांवें आणि गीतकाराचें नांव हीं बिनचूक लिहून ठेवावीं.

यंत्रानेंच मास्टरिंग करून देणारी सेवा २०१४ पासून उपलब्ध आहे आणि आतां अशा अनेक सेवा निघाल्या आहेत. त्यांची टवाळी करण्याचें कारण नाहीं. ज्याच्यापाशीं पैसा नाहीं आणि ज्याला उद्यां सकाळीं गाणें हवें आहे त्याची त्यांनीं सोय होते. खर्जाचा ढोबळ दोषही त्या बऱ्यापैकीं ओळखतात. परंतु यंत्र गाण्याची तुलना ज्या सरासरीशीं करतें ती सरासरी बहुधा दुसऱ्याच संगीताची असते. तुणतुण्याची एकसुरी किणकिण ही उणीव नसून आधार आहे, संबळाचा खरखरीत नाद हा दोष नसून त्याची जात आहे, हें त्याला कोणी सांगितलेलें नसतें. तें जाणणारा कान मुंबई-पुण्यांतच सांपडेल असेंही नाहीं. जो कान माळेगांवची यात्रा आणि माहूरचा गोंधळ ऐकत वाढला, त्यानें यंत्रविद्या आत्मसात् केली तर तो या कामाला अधिक लायक ठरेल. फाइल पाठविण्याला अंतर उरलें नाहीं. त्यामुळें असा जाणकार नांदेडांत बसून पुण्याचें गाणेंही तपासूं शकेल.

एक गोष्ट मात्र प्रत्येकानें, मास्टरिंग कोणाकडूनही करून घेतलें तरी, अवश्य करावी. मिक्सिंग झालेली, न दाबलेली मूळ प्रत आणि सर्व अंगांचीं सुटीं मुद्रणें दोन निरनिराळ्या ठिकाणीं जपून ठेवावीं. गाणें वाजविण्याचीं साधनें शंभर वर्षांत मेणाच्या तबकडीपासून मोबाइलपर्यंत बदललीं आणि पुढेंही बदलतील. नव्या साधनासाठीं नवा मास्टर केव्हांही करतां येईल, पण तो मूळ प्रतीवरून. घराण्यांतल्या वृद्ध गोंधळ्याचा आवाज एकदांच मुद्रित झाला असेल आणि त्याची चेंचलेली प्रतच मागें राहिली असेल, तर नातवंडांना त्यांतून आजोबांचा जोर ऐकूं येईल, पण त्यांचा श्वास ऐकूं येणार नाहीं. शेवटचा हात हा गाण्याला बाहेरचा रंग चढविणारा नसावा. जें गायिलें गेलें तें वाटेंत सांडूं न देणारा असावा. गाणाऱ्यानें त्याच्याकडून एवढें मागावें, आणि एवढ्यावर समाधान मानावें.